माणूस टिकतो कशाने?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे मंडळाचे कौतुक करायचे, चार सुभाषिते सांगायची आणि अल्पोपाहाराला उशीर होऊ न देता खाली बसायचे, अशी आपली रीत आहे. माझाही बेत तसाच होता. परंतु थोड्या वेळापूर्वी चिटणीसबाईंनी वार्षिक अहवाल वाचला आणि त्यातल्या एका वाक्यापाशी माझे मन अडकून राहिले. गेल्या वर्षभरात आपल्या पोळीभाजी केंद्रातून चार बायका काम सोडून गेल्या. पाळणाघराच्या ताई तीन वेळा बदलल्या. म्हणून येत्या जूनपासून पाळणाघर बंद करावे की काय, असा विचार चालू आहे. आणि त्याचे कारण दिले आहे ते असे : 'कामाला बायका मिळत नाहीत.'

भगिनींनो, तीन वेळा ताई बदलल्या याचा अर्थ तीन वेळा ताई मिळाल्या. मिळत नाहीत हे काही खरे नव्हे; टिकत नाहीत, हे खरे. आणि मिळणे हे जरी दैवाधीन मानले, तरी टिकणे हे पुष्कळसे आपल्या हाती असते. त्याबद्दलच आज दोन शब्द बोलावेत असे मी ठरवले आहे. मी काही विदुषी नाही. माझी सारी नोकरी आरोग्य खात्यात, त्यातली बहुतेक गडचिरोलीच्या बाजूला गेली. हाताखाली पाचसहा आरोग्यसेविका, म्हणजे आपण ज्यांना नर्सबाई म्हणतो त्या असायच्या. माणसे कशाने जातात आणि कशाने राहतात, हे मी पुस्तकात वाचण्याआधी चूक करून शिकले. ती चूकही आज सांगणार आहे.

प्रथम एक दूरदेशची गोष्ट सांगते. अमेरिकेत हेन्री फोर्डचा मोटारींचा मोठा कारखाना. १९१३ साली तेथे सुमारे १४ हजार माणसे लागत असत. परंतु तेवढी जागेवर ठेवण्यासाठी त्या एका वर्षात ५२ हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली! माणूस यायचा, चार दिवस एकच एक काम करून विटायचा आणि निघून जायचा. रोज नव्याला शिकवा, रोज त्याच्या हातून माल बिघडू द्या. शेवटी १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला पाच डॉलर, म्हणजे तेव्हाच्या मजुरीच्या जवळजवळ दुप्पट, देण्याचे जाहीर केले आणि कामाचे तासही नऊवरून आठ केले. माणसे टिकू लागली. हे फोर्डने दयाबुद्धीने केले असे समजू नका. जाणाऱ्या माणसाचा खर्च त्याने मांडून पाहिला, इतकेच. आणि हेही सांगितले पाहिजे की त्या वाढीव पैशांबरोबर एक खाते निघाले, ते कामगारांच्या घरी जाऊन त्यांचे राहणे-वागणे तपासत असे. सासूबाईंनी पाटल्या द्याव्यात आणि रोज डबे उघडून पाहावेत, तशातला तो प्रकार!

आपण कधी असा हिशोब मांडला आहे काय? पोळ्यांचे काम करणारी एक बाई गेली की पंधरा दिवस नव्या बाईच्या पोळ्या जाड होतात, गिऱ्हाईक कुरकुरते, दोन डबे बंद होतात. पाळणाघरातली ताई बदलली की मूल आठ दिवस रडते आणि त्याची आई आठ दिवस अर्धी रजा काढते. वहीत हा खर्च कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून तो झालाच नाही असे आपल्याला वाटते.

आता आपल्या भागाकडे येऊ. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याला अजून पन्नास वर्षेही झालेली नाहीत, पण तेवढ्यात 'गडचिरोलीला बदली' हे शब्द सबंध महाराष्ट्रात शिक्षेसारखे उच्चारले जाऊ लागले. हुकूम हातात पडला की माणूस रुजू होण्याच्या आधी परत जाण्याच्या खटपटीला लागतो. शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. २००२ साली आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा निर्णय झाला. तो चांगलाच झाला. पण वरच्या श्रेणीचा पगार घेऊनही माणसे बदलीचे अर्ज करतच राहिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पैसा लागतो यात शंका नाही. पैशावाचून माणूस थांबत नाही. पण केवळ पैशाने थांबलेला माणूस पहिल्या संधीला उठतो.

ह्यानंतर माझ्या चुकीची गोष्ट. गावाचे आणि आरोग्य केंद्राचे नाव सांगत नाही. त्याची गरज नाही.

आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी हिशोब आहे. कागदावर तीन हजार म्हणजे थोडके वाटतात. पण ते तीन हजार दहाबारा पाड्यांत विखुरलेले असतात आणि मध्ये जंगल नि नाले. माझ्याकडच्या अशाच एका उपकेंद्रावर बावीस वर्षांची एक मुलगी नव्याने आली. घर दूर, पश्चिमेकडच्या जिल्ह्यात. पोचवायला आई आली होती. उपकेंद्राची ती खोली पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आले, ते मी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. छत गळत होते आणि दाराची आतली कडी तुटलेली होती. मुलीने कडीसाठी एकदा नव्हे, तीन वेळा अर्ज दिला. तिन्ही अर्जांवर मी 'योग्य कार्यवाहीस्तव सादर' असे लिहून वर पाठवले आणि माझे काम झाले असे समजले. एका कडीला तेव्हा किती पैसे लागले असते? माझ्या पर्समध्ये होते तेवढे पुरले असते. पण तो माझा विषय नव्हे, तो बांधकाम विभागाचा विषय, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

ऑगस्ट महिन्याची मासिक सभा होती. तिची रजिस्टरे अपुरी निघाली. सात नर्सबाया, दोन डॉक्टर आणि शिपाई, एवढ्यांच्या देखत मी तिला बोलले. 'मुख्यालयी राहून करता काय दिवसभर?' असे मी विचारले. तिने मान खाली घातली. उत्तर दिले नाही. पुढच्या महिन्यात रजेचा अर्ज आला आणि रजेवरूनच राजीनामा आला. मी म्हटले, 'आजकालच्या मुलींना कष्ट नकोत.'

ती जागा चौदा महिने रिकामी राहिली. शेजारच्या नर्सबाईकडे जादा कार्यभार दिला. पण नाला भरला की तिने तरी जावे कसे? दुसऱ्या पावसाळ्यात त्या भागातल्या एका बाळंतिणीला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणले आणि पाणी उतरण्याची वाट पाहत लोक काठावर बसून राहिले. बाई वाचली. मूल वाचले नाही.

मी चौकशीला गेले तेव्हा गावातली म्हातारी सुईण माझ्यापाशी येऊन बसली. ती म्हणाली, "तुमची पोरगी गेली ना जी. मागच्या साली याच नाल्यातून ते कंबरभर पाण्यानं आली होती, रातच्या टायमाले. लेकरू उलटं होतं. दोघायलेबी वाचवलं तिनं. मंग दोन दिवस इथंच होती. तिले कोणी काही बोललं का जी?"

मी तारीख विचारली. ती मासिक सभेच्या आधीचीच तारीख होती. रजिस्टरे अपुरी का राहिली होती, ते मला वर्षभराने, एका अडाणी म्हातारीकडून कळले. मी तिची वरिष्ठ होते. मला ते त्याच दिवशी कळायला हवे होते, आणि कळण्यासाठी एकच प्रश्न विचारायला हवा होता : 'काय गं, काय झालं?'

भगिनींनो, ती मुलगी पगारासाठी गेली नाही, की जंगलाला भिऊन गेली नाही. रात्री कंबरभर पाण्यात उतरणारी मुलगी जंगलाला काय भिणार? तुटक्या कडीमुळे ती रोज रात्री घाबरत होती. तेही तिने सोसले असते. पण तिच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम तिने केले आणि त्याच आठवड्यात तिला कामचुकार म्हटले गेले. ते तिने सोसले नाही, आणि सोसू नयेच.

त्यानंतर माझी अठरा वर्षे नोकरी झाली. मी काही फार मोठे केले नाही. चार सवयी लावून घेतल्या. पहिली सवय अशी, की नवी मुलगी रुजू झाली की रजिस्टर पाहण्याआधी तिची खोली पाहायची : कडी, छत, पाणी, संडास. वरून मंजुरी येईपर्यंत ग्रामपंचायतीकडून, नाहीतर गावच्या सुताराकडून करून घ्यायचे. दुसरी, रजा पावसाळ्याआधी ठरवायची. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाच्या भावाचे लग्न आहे, हे मे महिन्यात एकत्र बसून लिहून काढायचे. मग ऐन वेळी 'रजा नाही' म्हणण्याचा प्रसंग क्वचित येतो. तिसरी, चूक एकटीला सांगायची आणि चांगले काम चारचौघांत सांगायचे. माझा पूर्वीचा शिरस्ता नेमका उलटा होता. चौथी, प्रवासभत्त्याचे बिल महिन्याच्या महिन्याला पुढे पाठवायचे. स्वतःच्या पैशाने फिरती करायची आणि वर्षानंतर त्याची भीक मागायची, यासारखे मन मोडणारे दुसरे काही नाही. यामुळे साऱ्याच थांबल्या असे नव्हे. पण ज्या गेल्या त्या सांगून गेल्या, आणि दिवाळीला त्यांची पत्रे येत राहिली.

ही माझी लहानशी गोष्ट झाली. आपल्याच भागात मोठ्या गोष्टीही घडल्या आहेत.

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटायचा. तेथे डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाताई तर राहिल्याच. पण त्यांच्याबरोबर विलास मनोहर, रेणुकाताई मनोहर, गोपाळ फडणीस अशी माणसे तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राहिली. लोक म्हणतात, ती ध्येयवेडी माणसे होती. होतीच. पण ध्येयवेडी माणसेही विटतात आणि जातात. संस्थांचे इतिहास त्याने भरले आहेत. मला त्यात दिसते ते असे, की तेथे प्रमुखाची झोपडी वेगळी आणि कार्यकर्त्याची वेगळी असा प्रकार नव्हता. हाल होते ते सर्वांचे सारखे होते. हाल सारखे वाटले गेले की माणूस पुष्कळ सोसतो. ते एकाच्याच वाट्याला आले की गाठोडे बांधतो. आणखी एक गोष्ट पाहा. १९७६ साली तेथे आश्रमशाळा निघाली. तिच्यात शिकलेली माडिया मुले पुढे डॉक्टर, शिक्षक, वकील झाली आणि त्यांतली काही ह्याच मुलखात कामाला लागली. बाहेरून माणूस आणून टिकवायचा, त्यापेक्षा जो येथलाच आहे त्याला शिकवून उभा करायचा, हा तो मार्ग.

हाच मार्ग डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने वेगळ्या रीतीने दाखवला. १९८६ पासून ते गडचिरोलीत काम करू लागले. नवजात बालकांचे मृत्यू थांबवायचे, तर गावोगाव डॉक्टर कोठून आणणार? त्यांनी गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना आरोग्यदूत केले. ३९ गावांत हा प्रयोग झाला. बाळाचे वजन घेणे, श्वास अडला तर पिशवीने श्वास देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे, एवढे सारे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत हीच घरोघरची नवजात-सेवा सुरू झाली.

ह्या यशात माझ्यासारखीला शिकण्यासारखे काय आहे? तर देखरेखीची पद्धत. दर पंधरवड्याला एक डॉक्टर प्रत्येक गावी जात असे. तो आरोग्यदूताने लिहिलेले तपासत असे, दुरुस्त करत असे, अडले ते शिकवत असे; पण स्वतः रोग्यांना औषध देत नसे. आता याचा विचार करा. डॉक्टरने येऊन दोन गोळ्या दिल्या असत्या, तर गाव म्हणाले असते, खरा डॉक्टर हाच, आमची बाई नुसती पोऱ्या. त्याने तसे न केल्यामुळे तिची पत गावात वाढली. तपासणीला जाऊन माणसाची पत वाढवून परत येता येते, हे मला तरी कोणी शिकवले नव्हते.

२०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी कसे टिकवावेत याविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत काय आहे? खेड्यातल्याच मुलांना शिक्षणात घ्या. राहण्याची सोय चांगली करा. वरिष्ठाची देखरेख आधार देणारी असू द्या. पुढे शिकण्याची आणि वर चढण्याची वाट ठेवा. आणि योग्य तो आर्थिक लाभ द्या. म्हणजे कडी, छत, मान आणि पैसा. जिनिव्हाला बसलेल्या पंडितांचे आणि आमच्या म्हातारीचे मत निराळे नाही.

मात्र येथे मला एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. आपण बायका 'सेवा' हा शब्द फार सैल हाताने वापरतो. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशाताईंचा जागतिक सन्मान केला. आपली छाती अभिमानाने भरून आली. त्यानंतरही त्यांना मोबदल्यासाठी रस्त्यावर बसावे लागले. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताई संपावर गेल्या. त्याआधी २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की अंगणवाडीताईंना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळाली पाहिजे. हार, शाल, नारळ हे पगाराच्या जागी देण्याचे पदार्थ नव्हेत. गोड बोलून कमी पैशात काम करून घेणे, याला माणूस जोडणे म्हणत नाहीत.

हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनियर आणि हिशोबनीसांना विचारले : कामावर तुम्हांला फार आनंद केव्हा झाला, आणि फार वैताग केव्हा आला? उत्तरांवरून त्याला असे दिसले की वैतागाची कारणे आणि आनंदाची कारणे वेगवेगळी असतात. वैताग येतो पगारातल्या अन्यायाने, वरिष्ठाच्या वागण्याने, कामाच्या ठिकाणच्या गैरसोयीने. आनंद होतो तो काही साधल्याने, त्याची कोणी दखल घेतल्याने, जबाबदारी मिळाल्याने. आपल्या भाषेत सांगायचे तर वरणातले मीठ आणि वरणावरचे तूप. मीठ नसेल तर कितीही तूप घाला, वरण अळणीच. आणि नुसत्या मिठावर कोणी तृप्त होत नाही. आधी मीठ पाहावे, मग तूप वाढावे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. २००९ साली त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. बांबू तोडण्याचे काम तेच, कुऱ्हाड तीच, ऊनही तेच. पूर्वी ते परक्याच्या हुकमाने चाले. आता कोठे तोडायचे, काय भाव घ्यायचा, हे गाव सर्वसहमतीने ठरवू लागले. हिशोब ज्याच्यापुढे मांडला जातो, त्याला ते काम आपले वाटते. आपल्या पोळीभाजी केंद्राचा वार्षिक हिशोब आपण सभासदांपुढे वाचला. तेथे पोळ्या लाटणारी एकही बाई सभेला नव्हती. त्या वेळी त्या आपल्या अल्पोपाहाराच्या तयारीत होत्या.

आता मी घरच्या गोष्टीवर येते, म्हणजे थोडी अप्रिय होणार. आपण नेहमी म्हणतो, 'आमच्याकडे तिला अगदी घरच्यासारखी वागवतो.' केंद्रातल्या बायकांबद्दलही म्हणतो आणि घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईबद्दलही म्हणतो. ह्या 'घरच्यासारखी'चा अर्थ आपण एकदा तपासून पाहिला पाहिजे. घरच्यासारखी म्हणून जादा अर्धा तास थांबायला सांगतो, घरच्यासारखी म्हणून पगार पाच तारखेऐवजी बारा तारखेला देतो, घरच्यासारखी म्हणून सुटीचा दिवस ठरवत नाही. पण ती आजारी पडली की मात्र ती परकी होते आणि खाडे मोजले जातात! घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी महाराष्ट्राने २००८ साली कायदा केला. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ते कायदे मोठ्या कचेऱ्यांपर्यंत तरी पोचतात. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कायदा पोचत नाही, तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच पोचली पाहिजे.

टीका करून खाली बसणे मला आवडत नाही, म्हणून कार्यकारिणीपुढे काही सूचना ठेवते.

पगाराची तारीख एक ठरवावी आणि ती मोडू नये. आठवड्याची सुटी लिहून द्यावी. आपल्या केंद्रातल्या बऱ्याच बाया झाडीपट्टीतल्या गावांतून आलेल्या आहेत. धानाच्या रोवणीला त्यांना गावी जावे लागतेच. आपण नाही म्हटले तरी त्या जातात, आणि मग लाजेने परत येत नाहीत. तेव्हा रोवणीचे आठ दिवस पाळीपाळीने मोकळे ठेवावेत. केंद्रातल्या एका बाईला कार्यकारिणीत जागा द्यावी आणि हिशोब तिच्यापुढे वाचावा. कोणी सोडून गेली तर तिच्या घरी जाऊन कारण विचारावे. आणि त्याहूनही बरे म्हणजे, ज्या टिकून आहेत त्यांना अधूनमधून विचारावे की बाई, तुला येथे काय बोचते? गेलेलीला विचारून वहीत नोंद होते, राहिलेलीला विचारून दुरुस्ती होते.

पाळणाघराच्या तिन्ही ताई का गेल्या, हे मी परवा चिटणीसबाईंबरोबर विचारत गेले. एक लग्न होऊन गेली. तिला आपण आशीर्वादच द्यावा. दुसरी नर्सिंगच्या शिक्षणाला गेली; ती गेली हे आपले नुकसान नव्हे, ते आपल्या पाळणाघराचे यश आहे. तिला आपण साधा निरोपही दिला नाही, ही मात्र आपली चूक. जाणारीला सन्मानाने निरोप दिलेला पाहून राहणारी आणखी चार दिवस राहते. तिसऱ्या ताईचे कारण ऐकून मला माझी ती कडी आठवली. तिला स्वतःला दीड वर्षाचे मूल आहे. 'पाळणाघर सभासदांच्या आणि नोकरदार भगिनींच्या मुलांसाठी आहे' असा आपला नियम, म्हणून तिला तिचे मूल घेऊन येण्याची परवानगी नव्हती. एकवीस मुले सांभाळायला ती येत होती आणि तिचे बाविसावे मूल शेजारणीच्या ओट्यावर बसत होते.

ह्या एकवीस मुलांच्या आया कोण आहेत? कोणी दवाखान्यात परिचारिका आहे, कोणी एसटीत वाहक आहे, कोणी दुकानात उभी असते. आपले पाळणाघर बंद पडले तर त्यांतल्या चारपाच जणींना तरी काम सोडावे लागेल, आणि त्यांचे वरिष्ठही मग म्हणतील, आजकालच्या बायका टिकत नाहीत.

तेव्हा माझी अध्यक्षबाईंना विनंती आहे, की पाळणाघर बंद करण्याचा ठराव पुढे ढकलावा आणि तो नियम आजच्या सभेतच बदलावा. मी तिसऱ्या ताईला विचारून ठेवले आहे. मुलाला घेऊन यायला मिळाले तर ती सोमवारपासून यायला तयार आहे.

 आता आतल्या बायकांनाही बाहेर बोलवावे. चहा आपण सगळ्याजणी मिळून देऊ.